शेगडीवरची कॉफी : एका भांड्याचा इतिहास

कामगार चळवळीत हयात घालवलेल्यांनी या व्यासपीठावरून कॉफीविषयी बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. आम्ही तर चहावर वाढलेली माणसे. द्वारसभा चहावर, तडजोडीच्या बैठकाही चहावर! परंतु कोणतीही वस्तू हाती आली की ती कोणी घडवली आणि कोणाच्या घरी गेली, हे दोन प्रश्न विचारण्याची आम्हांला खोड आहे. इटलीत घरोघरी शेगडीवर चढणारे 'मोका' नावाचे अठपैलू भांडे या प्रश्नांना मोठे बोलके उत्तर देते.

प्रथम पूर्वस्थिती पाहू. वाफेच्या जोरावर कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट तुरीनच्या आंजेलो मोरिओन्दो याने 1884 साली घेतले. 1901 साली मिलानच्या लुईजी बेझेरा याने एकेका पेल्याची कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. ही यंत्रे अवजड आणि महाग. ती उपाहारगृहातच असावयाची. तशी कडक कॉफी हवी तर घराबाहेर पडावे लागे, आणि बाहेर पडणारा बहुधा पुरुष असे. घरी उरे ती 'नापोलेताना' : पाणी उकळले की भांडे उलटे करावयाचे आणि कॉफी सावकाश गळण्याची वाट पाहावयाची.

अल्फोन्सो बियालेत्ती हा फ्रान्समध्ये अनेक वर्षे ॲल्युमिनियमच्या धंद्यात राबून ओतकाम शिकलेला कारागीर. 1919 साली त्याने पीडमाँट प्रांतात, ओमेन्याजवळ क्रुसिनाल्लो येथे आपला कारखाना काढला, आणि 1933 साली तेथे मोका तयार झाले. त्याची कल्पना बायकांच्या धुण्याच्या भांड्यावरून सुचली, अशी कथा सांगतात. त्या भांड्यात तळचे साबणाचे पाणी उकळून मधल्या नळीने वर चढे आणि कपड्यांवर पसरे. कथा खरी असो वा नसो, मोक्यातही पाणी असेच वर चढते.

खालच्या भागात झडपेच्या जरा खालपर्यंत पाणी, त्यावर गाळणीत कॉफीची पूड, आणि वरचा भाग घट्ट आवळलेला. आच लागली की कोंडलेली हवा व वाफ पाण्याला ढकलते. ते पुडीतून वर येते. पूड दाबू नये, आच मंद ठेवावी आणि खळखळ ऐकू येताच भांडे उतरवावे. उशीर केला तर उरलेली वाफ पुडीतला कडवटपणा वर आणते. एवढे सांभाळले की झाले. येथे यंत्र चालवणारा वेगळा माणूस लागत नाही.

पण त्या काळी राज्य मुसोलिनीचे होते. 1935 साली त्याने ॲबिसिनियावर स्वारी केली. राष्ट्रसंघाने आर्थिक निर्बंध लादले, आणि सरकारने स्वावलंबनाचा घोष सुरू केला. ॲल्युमिनियम ही स्वदेशी धातू म्हणून गौरवली गेली. कॉफी मात्र परदेशातून यावयाची. ती दुर्मीळ होऊन भाजलेल्या धान्याच्या पेयावर भागवणे आले. ज्या भूमीत कॉफीचे झाड मूळचे उगवले, तिच्यावरच स्वारी, आणि घरात मात्र कॉफीचा दुष्काळ! साम्राज्याचा हिशेब सामान्य माणसाच्या पेल्यात असा उतरतो.

भांड्याचे खरे दिवस युद्धानंतर आले. जर्मनांच्या कैदेतून परतलेला मुलगा रेनातो याने 1946 साली कारभार हाती घेतला आणि जाहिरातीचा धडाका लावला. पाउल कंपानीने चितारलेला मिशीवाला बुटका गृहस्थ 1953 पासून भांड्यावर झळकू लागला. उत्तरेतल्या कारखान्यांत दक्षिणेतून कामगार येत होते. पहाटेच्या पाळीआधी त्यांच्या घरीही कडक कॉफी होऊ लागली.

2016 साली रेनातो वारला, तेव्हा त्याच्या अस्थी मोठ्या मोक्यातच ठेवल्या. ही बातमी जगभर गेली. त्याआधी, 2010 साली, ओमेन्याचा कारखाना बंद पडला आणि भांड्यांचे उत्पादन परदेशी गेले. मालकाचे नाव भांड्यावर कोरले आहे. साच्यात तापलेली धातू ओतणाऱ्यांची नावे आम्ही शोधली. ती आम्हांला मिळाली नाहीत. ज्यांनी घरोघरची शेगडी पेटती ठेवली, त्यांच्याच चुली थंडावल्या. घरी कॉफी करताना त्यांची आठवण ठेवावी, एवढेच मागणे.