सायकलीचं कुळ आणि कुलूप

1965 सालच्या उन्हाळ्यात अ‍ॅमस्टरडॅमच्या पोलिसांनी रस्त्याकडेच्या काही पांढऱ्या सायकली उचलून नेल्या. त्या चोरीच्या नव्हत्या, रहदारीला आडव्याही आल्या नव्हत्या. त्यांना कुलूप नव्हतं, हाच त्यांचा गुन्हा. बिनकुलपी सायकल रस्त्यावर सोडणं म्हणजे चोराला आवतण, असा तिथला कायदा. ज्या तरुणांनी त्या सायकली ठेवल्या होत्या, त्यांनी मग पोलिसांची अडचण दूर केली. सायकलींना आकड्यांची कुलपं लावली आणि प्रत्येक कुलपाचा आकडा त्याच सायकलीवर रंगवून टाकला.

आज पॅरिसपासून हांगझौपर्यंत मोबाइल दाखवला की सुटणारी सामाईक सायकल दिसते. तिचा मूळपुरुष म्हणजे ही पांढरी सायकल. साठ वर्षांच्या या वंशावळीत दोन धाग्यांचा माग काढता येतो. पहिला कुलपाचा: सगळ्यांची सायकल एकट्यानेच लंपास करू नये म्हणून काय करायचं? दुसरा हवेचा. शहराची हवा मोटारींनी नासते आहे, या रागातून ही सायकल जन्माला आली. पुढच्या पिढ्या मात्र कुलपाच्या मागे लागल्या आणि हवेचा विषय मागच्या बाकावर गेला. तो पुढे आला कॅलिफोर्नियात, आणि तोही सायकलवेड्यांकडून नव्हे, तर कारखान्यांची धुराडी तपासणाऱ्या एका सरकारी यंत्रणेकडून.

अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या तरुणांच्या गटाचं नाव ‘प्रोव्हो’. सायकलींची कल्पना लूड स्खिमेलपेनिंक या यंत्ररचनाकाराची. त्याचा प्रस्ताव नुसत्या सायकली वाटण्याचा नव्हता. शहराच्या मध्यभागात खासगी मोटारींना बंदी, टॅक्सी विजेवर चालणाऱ्या आणि त्यांनाही वेगमर्यादा, सार्वजनिक वाहनांच्या जादा फेऱ्या, आणि उरलेल्या अंतरासाठी नगरपालिकेने दरवर्षी 20,000 पांढऱ्या सायकली विकत घेऊन रस्त्यावर ठेवायच्या. ज्याला हवी त्याने घ्यावी, पोचला की सोडून द्यावी. याच मंडळींची दुसरी एक योजना पांढऱ्या धुराड्यांची होती. जो हवा घाण करेल त्याला दंड आणि त्याचं धुराडं पांढरं रंगवायचं. म्हणजे सायकल आणि धुराडं ही सख्खी भावंडं. नगरपालिकेने सायकलींचा प्रस्ताव नाकारला. प्रोव्होंनी स्वतः रंगवलेल्या मूठभर सायकलींतल्या काही पोलिसांनी नेल्या, काही चोरांनी.

त्यानंतरचा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: सायकल नेली कोणी?

1974 साली याला तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली. फ्रान्समधल्या ला रोशेल या बंदराच्या गावी महापौर मिशेल क्रेपो यांनी पिवळ्या सायकली नगरपालिकेच्या नावाने रस्त्यावर आणल्या. नेदरलँड्सच्या होखे फेलुवे या राष्ट्रीय उद्यानात फुकट पांढऱ्या सायकली ठेवल्या गेल्या, आणि त्या आजही बिनकुलपी आहेत. तिथे ते जमलं, कारण उद्यानाला कुंपण आहे आणि आत शिरायला तिकीट लागतं. कुलूप सायकलीला नाही, दरवाजाला आहे. तिसरं उत्तर खुद्द स्खिमेलपेनिंकचं. त्याने अ‍ॅमस्टरडॅममध्ये ‘विटकार’ नावाची छोटी, पांढरी, विजेवरची गाडी आणली. सभासद व्हायचं, ठाण्यावर किल्ली लावायची, मध्यवर्ती संगणक ओळख पटवणार आणि गाडी सुटणार. ठाणी मोजकीच राहिली आणि 1986 साली ती योजना बंद पडली. पण ठाणं, सभासद आणि संगणक हे आजच्या सामाईक सायकलीचे तिन्ही अवयव तिच्यात तयार होते.

ज्यांनी हा धडा घेतला नाही, त्यांना तो पुन्हा गिरवावा लागला. इंग्लंडमधल्या केंब्रिजने 1993 साली सुमारे तीनशे हिरव्या सायकली रस्त्यावर ठेवल्या आणि त्या बघता बघता गायब झाल्या. कोपनहेगनने 1995 साली हजार सायकलींची योजना आणली ती जरा शहाणपणाने. मॉलमधली ढकलगाडी जशी नाणं टाकून सुटते, तशी ही 20 क्रोनरचं नाणं घालून सुटायची आणि परत लावली की नाणं बाहेर यायचं. चाकं भरीव रबराची, सुटे भाग असे की दुसऱ्या सायकलीला बसूच नयेत. तरी नाण्याला नाव नसतं. वीस क्रोनरवर पाणी सोडायची तयारी असली की सायकल आपली.

नाव विचारणारी पहिली नागरी योजना फ्रान्समधल्या रेनची, 1998 सालची. दोनशे सायकली, सभासदाचं कार्ड आणि संगणकावर नोंद: कोणी नेली, केव्हा नेली, केव्हा आणली. युरोपला हा मोठा शोध वाटला. आपल्याकडच्या वाचकाला मात्र ही वही ओळखीची वाटेल. पुण्यात आणि तालुक्यातालुक्याच्या गावी तासावर सायकल देणारी दुकानं होती. मडगार्डवर नंबर रंगवलेला, दुकानदाराच्या वहीत नाव आणि निघाल्याची वेळ, आणि गिऱ्हाईक अनोळखी असलं तर कोणा ओळखीच्याचं नाव सांगावं लागे. दुकानदार ओळखत होता, म्हणून सायकल परत येत होती. रेनच्या संगणकाने तेच केलं, फक्त गिऱ्हाइकाचा चेहरा न पाहता.

रेनने आणखी एक पायंडा पाडला. सायकलींचा खर्च जाहिरात कंपनीने उचलला आणि बदल्यात शहरातल्या बसथांब्यांवर जाहिराती लावण्याचा हक्क घेतला. 2005 साली लिओं आणि 15 जुलै 2007 रोजी पॅरिस याच वाटेने गेले. पॅरिसच्या ‘वेलिब’मध्ये पहिल्याच दिवशी सुमारे 10,000 सायकली होत्या, पहिला अर्धा तास फुकट, आणि सायकलींच्या बदल्यात जेसीडेको कंपनीला शहरातले सुमारे 1600 जाहिरात फलक. हजारो सायकली चोरीला गेल्या, काही सेन नदीत सापडल्या, तरी वेलिबने जगभरच्या महापौरांना वेड लावलं. 2009 साली माँट्रियलने ‘बिक्सी’ आणली आणि कुलपाच्या कथेतला एक तांत्रिक अडसर दूर केला. तिचं ठाणं सौरऊर्जेवर चालायचं, संदेश बिनतारी जायचे, त्यामुळे रस्ता खणायची गरज नव्हती. क्रेनने उचलून आणून ठेवायचं, नाही चाललं तर उचलून न्यायचं. एका शहरापुरती सायकल आता शहराची हद्द ओलांडू शकत होती.

ती हद्द ओलांडायला पैसा कोणाचा, याचं उत्तर सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठावर मिळालं.

या उपसागराभोवती नऊ काउंट्या आणि शंभरावर लहानमोठी शहरं आहेत. प्रत्येक शहराला आपला महापौर, आपलं बजेट. हवा मात्र सगळ्यांची एकच, डोंगरांच्या वाटीत अडकणारी. म्हणून 1955 साली तिथे पूर्ण प्रदेशासाठी एक वायुप्रदूषण नियंत्रण जिल्हा स्थापन झाला. अमेरिकेतली या प्रकारची ती पहिली प्रादेशिक यंत्रणा. तिचे सुरुवातीचे नियम उघड्यावर कचरा जाळण्याविरुद्ध होते, नंतर कारखान्यांच्या धुराड्यांवर आले. धुराडी आवाक्यात आली तसं लक्षात आलं, की प्रदूषणाचा सर्वांत मोठा वाटा आता रस्त्यावरून धावतो आहे. मोटारीच्या नोंदणीवर 4 डॉलरचा अधिभार या यंत्रणेला मिळत होता. त्यात हवा आणि वाहतूककोंडीसाठीचा केंद्रीय निधी घालून 29 ऑगस्ट 2013 रोजी ‘बे एरिया बाइक शेअर’ सुरू झाली. 70 ठाणी, 700 सायकली. निम्म्या सॅन फ्रान्सिस्कोत, बाकीच्या सॅन होजे, पालो आल्टो, माउंटन व्ह्यू आणि रेडवूड सिटीत, कॅलट्रेन या लोहमार्गाच्या आधाराने. मोटारीकडून वसूल केलेल्या पैशातून सायकल! प्रोव्होंना ही युक्ती आवडली असती.

धुराडी मोजणाऱ्या यंत्रणेचं गणित सोपं होतं. पेट्रोल गाडीच्या धूरनळीत बसवलेला उत्प्रेरक तापल्याशिवाय नीट काम करत नाही. त्यामुळे गाडी थंड असताना सुरू करून केलेल्या दीड-दोन किलोमीटरच्या फेरीत दर किलोमीटरमागे सर्वाधिक विषारी वायू बाहेर पडतात. माणूस घरून गाडी काढतो ती पुष्कळदा फक्त स्टेशनला जायला, किंवा स्टेशनपासून कचेरी लांब आहे म्हणून पूर्ण प्रवासच गाडीने करतो. स्टेशनच्या दोन्ही टोकांना सायकल ठेवली, तर तीन किलोमीटरच्या पायडलमारीने पन्नास किलोमीटरची मोटारफेरी वाचू शकते. सायकल एकटी फार थोडी हवा वाचवते. रेल्वेच्या जोडीने ती बरीच वाचवू शकते.

प्रत्यक्षात काय झालं? बहुतांश फेऱ्या सॅन फ्रान्सिस्कोतच होऊ लागल्या. पालो आल्टो, माउंटन व्ह्यू, रेडवूड सिटी इथे मोजकी ठाणी एकमेकांपासून दूर पसरलेली. ठाण्यांची जाळी विरळ असली, की सायकल घेऊन जायचं कुठे आणि सोडायची कुठे, हाच प्रश्न पडतो. 2015 साली विस्ताराचा करार झाला: 700 च्या 7000 सायकली, ओकलंड, बर्कली आणि एमरीव्हिल नव्याने सामील, पाचातलं एक ठाणं गरीब वस्तीत. आणि मुख्य अट: सार्वजनिक पैसा लागणार नाही, खर्च खासगी कंपनी प्रायोजकाच्या जोरावर उचलेल. 2017 साली नवी जाळी सुरू झाली, तेव्हा सायकलीवर नाव होतं फोर्ड या मोटारकंपनीचं. पालो आल्टो, माउंटन व्ह्यू आणि रेडवूड सिटी मात्र विस्तारलेल्या योजनेत नव्हती. कंपनीला पैसा सुटेल तिथे सायकल, हा नियम आपोआप लागू झाला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात तर जुन्या रहिवाशांनी ठाण्यांना विरोध केला. घरभाडी वाढवत येणाऱ्या नव्या श्रीमंतांची ही सायकल, अशी त्यांची भावना होती. पुढच्या वर्षी चालक कंपनी लिफ्टने विकत घेतली आणि 2019 पासून या सायकलीचं नाव ‘बे व्हील्स’. लिफ्टचा मूळ धंदा मोबाइलवरून मोटार बोलावण्याचा.

म्हणजे मोटारीच्या अधिभारातून जन्मलेली सायकल मोटारीच्या धंद्यातल्यांच्या घरात नांदायला गेली. यात कारस्थान शोधायचं कारण नाही. पैसा कोण देतो, त्यावर सायकल कुठे उभी राहते हे ठरतं, एवढाच त्याचा अर्थ.

हवेचा हिशेबही दिसतो तितका सरळ नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात मेलबर्न आणि वॉशिंग्टनमध्ये सामाईक सायकलींमुळे मोटारींचे किलोमीटर घटलेले दिसले. लंडनमध्ये मात्र ते वाढलेले निघाले. तिथे सायकलीवर बसणाऱ्यांपैकी मोटार सोडून आलेले शंभरात जेमतेम दोन. बाकीचे पूर्वी चालत होते किंवा बस आणि भुयारी रेल्वेने जात होते. आणि सकाळी एकीकडे साचलेल्या सायकली उचलून दुसरीकडे पोचवायला ट्रक फिरत होते. सायकल फिरवायला डिझेल जाळलं जात होतं.

2017-18 च्या सुमारास हे कुळ आपल्या दारातही आलं. तोवर चीनमध्ये ठाण्याची गरजच संपली होती. कुलूप सायकलीच्या मागच्या चाकात आणि किल्ली मोबाइलमध्ये. ओफो आणि मोबाइक या कंपन्यांनी भांडवलदारांच्या पैशावर लाखो सायकली रस्त्यावर ओतल्या. पुणे महापालिकेने डिसेंबर 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्याच महिन्यात औंध आणि विद्यापीठ परिसरात सामाईक सायकली दिसू लागल्या आणि पुढच्या काही महिन्यांत चिनी कंपन्याही दाखल झाल्या. पण ओफोने 2018 च्या मध्यावरच भारतातून काढता पाय घेतला, आणि चीनमध्ये तिच्या लाखो ग्राहकांची अनामत अडकून पडली. पुण्यातही मोडतोड झाली, सायकली हरवल्या आणि वर्षा-दोन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. इतकं हुशार कुलूप जगाने आधी पाहिलं नव्हतं. मोडली ती तिजोरी.

गंमत म्हणजे, ज्या देशात पांढरी सायकल जन्मली, तिथे आज रुजलेली सामाईक सायकल अगदी साधी आहे. ओव्ही-फिट्स नावाची, डच रेल्वेची, निळी-पिवळी. रेल्वे स्टेशनवर घ्यायची आणि शक्यतो तिथेच परत करायची. तिला जाहिरातीचा थाट नाही, पदपथावर ढीग नाही, सायकली इकडून तिकडे नेणारी ट्रकची वरात नाही. स्टेशनाजवळचं भाड्याचं सायकल दुकानच ते, रेल्वेच्या तिकीटकार्डाला जोडलेलं. अशा सायकली वीस हजारांहून अधिक आहेत. 1965 साली प्रोव्होंनी दरवर्षी जेवढ्या मागितल्या होत्या, साधारण तेवढ्याच.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका आहेत, पण 2007 पासून बस एकच आहे, पीएमपीएमएल. हवाही एकच आहे. तेव्हा यापुढे कोणी सामाईक सायकलींची नवी योजना घेऊन आलं, तर सायकली किती आणि अ‍ॅप कसलं हे नंतर विचारावं. आधी विचारावं, की ही सायकल कुठल्या बसथांब्याशी नि कुठल्या मेट्रो स्टेशनशी बांधली आहे, कुठली मोटारफेरी वाचवणार आहे, आणि कंपनी निघून गेल्यावर तिचा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकात आहे. तिन्हींची उत्तरं नसतील, तर त्या सायकलीला कुलूप लावायचीही तसदी घेऊ नये.