पोती वाहणाऱ्यांनी माफी मागितली

अणुबॉम्बचा इतिहास मी पहिल्यांदा वाचला तो सगळा साहेबांचा इतिहास होता. ओपेनहायमर साहेब, जनरल ग्रोव्ह्ज साहेब, ट्रूमन साहेब. गणित कुणी मांडलं, सही कुणी केली, स्फोट बघताना गीतेतला श्लोक कुणाला आठवला. २०२३ साली ओपेनहायमरवर सिनेमा आला. आमच्या वस्तीतल्या पोरांनी तो मोबाईलवर पाहिला. गीतेचं नाव निघाल्यावर काहींची छाती फुगली. बॉम्ब अमेरिकेचा, मेले जपानात, आणि अभिमान आपल्याला!

मी नववी नापास. सूतगिरणीत कापसाच्या गाठी फोडायच्या कामाला आहे. जे वाचलं ते तिसऱ्या पाळीनंतर, वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळं मला पडलेला प्रश्नही हमालाचाच आहे. त्या बॉम्बचा माल आला कुठून? आणि उचलला कुणी?

आधी पहाटेची गोष्ट सांगतो. १६ जुलै १९४५. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या वाळवंटात शंभर फुटी लोखंडी मनोऱ्यावर पहिला बॉम्ब टांगला होता. रात्री पाऊस पडला म्हणून काम लांबलं. पहाटे ५ वाजून २९ मिनिटांनी तो उडवला. या चाचणीला नाव दिलं होतं ट्रिनिटी. सूर्य उगवायच्या आधीच उजाडलं. साहेब लोक काळे चष्मे लावून लांब खंदकात होते. गोरगरीब मात्र आपापल्या घरात झोपलेले. दीडशे मैलांच्या आत जवळजवळ पाच लाख माणसं राहत होती: मेक्सिकन वंशाचे शेतकरी, गुराखी, मूळ आदिवासी. एकालाही आधी सांगितलं नाही, एकालाही हलवलं नाही. नंतर छापून आलं की लष्कराचं दारूगोळ्याचं कोठार उडालं, कुणी दगावलं नाही. राख मात्र पडत राहिली. लोक छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवून पीत होते. राख त्याच पाण्यात उतरली.

म्हणजे बघा, पहिला बॉम्ब अमेरिकेनं आपल्याच गरिबांच्या डोक्यावर फोडला. हिरोशिमा तीन आठवड्यांनी आलं.

आता मालाकडं येतो. बॉम्बला युरेनियम लागतं. त्यातलं बरंचसं आलं आफ्रिकेतल्या बेल्जियमच्या गुलाम मुलखातून, काँगोतून. शिंकोलोब्वे नावाची खाण. तिथल्यासारखा कसदार दगड जगात दुसरीकडं नव्हता. खोदणारे काळे, मालक गोरे. १९४० मध्येच कंपनीच्या साहेबानं बाराशे टन माल न्यूयॉर्कला आणून गोदामात ठेवला होता. त्या खोदणाऱ्यांची नावं कुठल्या पुस्तकात आहेत? मी शोधली, मला सापडली नाहीत.

दुसरा माल आला कॅनडाच्या उत्तरेतून. तिथं ग्रेट बेअर लेक नावाचं अजस्र तळं आहे. वर्षातले बरेच महिने गोठलेलं. त्याच्या काठावर डेने नावाचे आदिवासी राहतात, शिकार आणि मासेमारी करून. १९३० मध्ये तिथं खनिज सापडलं. आधी रेडियमसाठी खाण चालली. १९४० मध्ये बंद पडली, १९४२ मध्ये सरकारनं युरेनियमसाठी परत उघडायला लावली. दगड कापडी पोत्यांत भरायचा. पोतं चाळीस-पन्नास किलोचं. तराफ्यावर चढवायचं, नदीच्या खळाळापाशी उतरवायचं, पुढच्या तराफ्यावर परत चढवायचं. हे काम डेने पुरुषांचं. माल हजारो मैल खाली पोर्ट होपच्या कारखान्यात जायचा, तिथून अमेरिकेच्या बॉम्ब-प्रकल्पाला.

पोत्यातून भुकटी गळायची. ती अंगावर, केसात, भाकरतुकड्यावर. तिथली म्हातारी माणसं सांगतात की प्रवासात पुरुष त्याच पोत्यांवर झोपायचे, आणि रिकाम्या पोत्यांचं कापड बाया घरी वापरायच्या. कॅनडाच्या खाण खात्याच्या कागदात या धुळीचा धोका १९३० नंतरच्या वर्षांतच लिहिलेला होता. कागद साहेबाच्या टेबलावर होता. पोतं डेनेच्या पाठीवर होतं. कागद टेबलावरून पाठीपर्यंत कधी आलाच नाही.

हे वाचलं आणि पुस्तक मिटलं. माझा बा तीस वर्षं गाठी फोडत होता. दर सोमवारी सुट्टीनंतर कामावर गेला की छाती आवळायची. डॉक्टर म्हणायचा विडी सोड. बा विडी ओढतच नव्हता. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात हे मला पंचविसाव्या वर्षी, तेही पुस्तकातून कळलं. बाला ते कुणी सांगितलं नव्हतं. आमची धूळ आणि त्यांची धूळ एक नाही, एवढी अक्कल मला आहे. सांगायचं नाही ही रीत मात्र एकच आहे.

६ ऑगस्ट १९४५. सकाळी सव्वाआठ. हिरोशिमावर युरेनियमचा बॉम्ब पडला. त्यात साधारण ६४ किलो युरेनियम होतं. म्हणजे माझ्या पाठीवर सहज मावेल एवढं वजन. वर्षाअखेरपर्यंत अंदाजे १,४०,००० माणसं मेली. ९ ऑगस्टला नागासाकीवर प्लुटोनियमचा बॉम्ब. तिथं सुमारे ७४,०००.

मेलेल्यांतही उतरंड होती. हिरोशिमात हजारो कोरियन होते. जपाननं त्यांचा देश गिळला होता. काही पोटासाठी आलेले, काही वेठबिगार म्हणून धरून आणलेले. एका बॉम्बनं मेले, पण त्यांचं स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं ते शांतता उद्यानाच्या बाहेर. हद्दीच्या आत यायला १९९९ साल उजाडलं. मेल्यावरही गावकुसाबाहेर! आणखी एक. जपानात बुराकू म्हणून लोक आहेत. मेलेली जनावरं ओढणारे, कातडं कमावणारे, म्हणून विटाळलेले. त्यांची वस्ती हिरोशिमाच्या पश्चिमेला होती. तीही जळली. त्यांना आधी जातीचा डाग होता, त्यावर बॉम्बचा बसला.

कारण वाचलेल्यांनाही डाग लागला. त्यांना जपानीत हिबाकुशा म्हणतात. हिबाकुशाच्या पोरीला स्थळ येईना. नोकरीच्या अर्जात हिरोशिमा लिहायची चोरी. यांचा रोग लागेल, यांची पोरं वाकडीतिकडी होतील, असं लोक बोलायचे. माणसं गाव लपवू लागली. आडनाव लपवून शहरात खोली घेणाऱ्या आपल्या माणसांना हे नवीन वाटणार नाही. १९४७ मध्ये अमेरिकेनं तपासणीसाठी आयोग बसवला. त्यानं रक्त काढलं, फोटो काढले, वळ मोजले. औषध दिलं नाही. जपान अमेरिकेच्या ताब्यात होतं तोवर, १९५२ पर्यंत, बॉम्बबद्दल मोकळेपणी लिहायचीही सोय नव्हती.

मग तोंड कधी उघडलं? १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्ब फोडला. हिरोशिमाच्या हजारपट. मार्शल बेटांवरच्या लोकांवर राख पडली. लांब समुद्रात एका जपानी मासेमारी बोटीवर २३ जण होते, त्यांच्यावरही पडली. त्यांचा वायरलेसवाला कुबोयामा सप्टेंबरात मेला. विषारी मासळी बाजारात पोचली आणि टोकियोत बायकांना समजेना की पोरांच्या ताटात काय वाढायचं. सुगिनामी भागातल्या बायकांनी कागद घेतला आणि दारोदार सह्या गोळा करायला सुरुवात केली. त्या काही विदुषी नव्हत्या, पुढारीही नव्हत्या. अशा सह्या देशभर चालल्या आणि ऑगस्ट १९५५ पर्यंत तीन कोटींच्या वर गेल्या. त्याच महिन्यात हिरोशिमात जागतिक परिषद भरली. वळ पडलेली माणसं पहिल्यांदा उभी राहून हजारोंसमोर बोलली.

पुढच्या वर्षी, १० ऑगस्ट १९५६ ला नागासाकीत त्यांनी आपली संघटना काढली: निहोन हिदानक्यो. मागण्या दोन. अण्वस्त्रं नष्ट करा, आणि आमची भरपाई द्या. त्यानंतर दोन महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना घेऊन धम्म स्वीकारला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. पण डाग लपवून जगणारी माणसं उजेडात येऊन उभी राहिली की काय होतं, हे आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता आपल्याकडं. १९५४ मध्ये नेहरूंनी अणुचाचण्या थांबवा अशी मागणी जगापुढं ठेवली होती. त्याच देशानं १८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट केला आणि त्याला नाव दिलं हसरा बुद्ध. ११ मे १९९८ ला परत स्फोट केले, त्या दिवशी तर बुद्धपौर्णिमा होती. ज्यानं अंगुलिमालाच्या हातातलं शस्त्र खाली ठेवायला लावलं त्याचं नाव बॉम्बला! नाव ठेवायचंच होतं तर तुमच्याकडं शस्त्रवाल्या देवांची काय कमतरता होती? आमचाच बरा सापडला.

१९९८ ला मी जन्मलोही नव्हतो. बा सांगतो, तेव्हा गिरणीत पेढे वाटले होते. त्यानंही खाल्ला. "देश मोठा झाला म्हणत होते, मग मीबी खाल्ला," म्हणतो.

आणि त्याच वर्षी, पेढ्यांनंतर तीन महिन्यांनी, ऑगस्टात, कॅनडाच्या त्या तळ्याकाठची काही डेने माणसं हिरोशिमाला गेली. त्यांच्या डेलिने गावात पोती वाहणारे पुरुष एकामागून एक कॅन्सरनं गेले होते. गावाला विधवांचं गाव म्हणू लागले होते. आपल्या आज्यानं, बापानं पाठीवर वाहिलेल्या मालाचं काय झालं हे त्यांना अनेक वर्षांनी कळलं होतं. ते सहा ऑगस्टला तिथं पोचले, हिबाकुशांना भेटले आणि म्हणाले, आम्हाला माफ करा.

मित्रांनो, इथं थांबून विचार करा. बॉम्ब बनवणाऱ्या सरकारनं माफी मागितली नाही. २०१६ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष ओबामा हिरोशिमाला गेला, फूल वाहिलं, माफी मागितली नाही. कॅनडा सरकारनं डेलिनेबरोबर बसून चौकशी केली आणि २००५ मध्ये अहवाल आला की अमका माणूस किरणांनीच मेला असं खात्रीनं सांगता येत नाही. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, ज्यांची स्वतःची माणसं गेली होती, ती माणसं समुद्र ओलांडून माफी मागायला गेली. मला या इतिहासात सगळ्यात मोठी वाटते ती ही घटना. सिनेमात ती नाही.

यातून मी काय घ्यायचं? हमालाचा काय दोष, असं म्हणून मोकळं होता येतं. डेनेंनाही आलं असतं. पण ते म्हणाले, पोतं आमच्या पाठीवरून गेलं आहे, म्हणून बोलायची जबाबदारी आमची. झारखंडात जादुगोड्याला आपलं युरेनियम निघतं. खाणीभोवती संथाळ आणि हो आदिवासींची गावं आहेत. आजारांची त्यांची तक्रार वर्षानुवर्षं चालू आहे आणि कंपनी ती नाकारते. म्हणजे पोती वाहणारे आपल्याकडंही आहेत. फक्त त्यांचं ऐकून घ्यायला कुणी नाही.

लढा फुकट जातो असंही नाही. ७ जुलै २०१७ ला अण्वस्त्रबंदीच्या कराराला १२२ देशांनी मत दिलं. २२ जानेवारी २०२१ पासून तो लागू आहे. बॉम्बवाल्या नऊ देशांपैकी एकानंही सही केली नाही. त्यात आपणही. २०२४ मध्ये हिदानक्योला शांततेचं नोबेल मिळालं. न्यू मेक्सिकोतल्या त्या राख प्यायलेल्या लोकांना अमेरिकेच्या १९९० च्या भरपाई कायद्यानं वगळलं होतं. त्यांच्या पोरा-नातवंडांनी भांडून २०२५ मध्ये नाव घालायला लावलं. तोवर ऐंशी वर्षं गेली होती. जगात अजून बारा हजारांच्या वर बॉम्ब आहेत.

हे सगळं मी एका रविवारी बाला वाचून दाखवलं. मधे खोकला आला की थांबत होतो. पोत्यांचं ऐकल्यावर त्यानं विचारलं, "त्यांना कुणीच सांगितलं न्हवतं?" मी नाही म्हटलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पेढा खायला नको होता."

हिरोशिमाच्या घड्याळात सकाळचे सव्वाआठ होतात तेव्हा आपल्याकडं पहाटेचे पावणेपाच झालेले असतात. तिसऱ्या पाळीत हीच वेळ झोप अनावर होण्याची. सहा ऑगस्टला मशीन थांबणार नाही, मुकादम थांबू देणार नाही. पण शेजारच्या गाठीवर जो असेल त्याला मी डेनेंची गोष्ट सांगणार आहे. आवाजात ऐकू येणार नाही, म्हणून कानाशी तोंड नेऊन. तुमच्या वस्तीत, तुमच्या पाळीत, तुम्हीही एकाला सांगा.

जयभीम.