पारा उडालेला आरसा

‘कन्नडी ओडेदिदे, सार.’

रात्रपाळीतल्या सहकाऱ्याचे हे वाक्य कानावर पडले तेव्हा मला वाटले, हा कन्नड भाषेबद्दल काही तक्रार करतोय. मैसूरला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. आदल्या दिवशी आयुधपूजा झालेली. सर्व्हरच्या रॅकना हळदकुंकू लागले होते, झेंडूच्या माळा अजून लोंबत होत्या आणि दाराशी फोडलेल्या कोहळ्याचा कुंकवाने लाल झालेला गर कुणी उचललेला नव्हता. मग कळले, कन्नडी म्हणजे आरसा. आरसा फुटला होता. एका युनिक्स मशीनमधल्या जोडीच्या दोन डिस्कपैकी एक गेली होती, आणि मशीन मात्र काहीच झाले नाही अशा थाटात चालू होते. वापरणाऱ्यांपैकी कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या रात्री मी जे केले ते पुढे सांगतो. आधी आरशाचे कूळ.

मराठीतला आरसा संस्कृतातल्या ‘आदर्शा’पासून आला. आदर्श पुरुष, आदर्श शाळा हे अर्थ नंतरचे. मूळ अर्थ ज्यात पाहायचे ती वस्तू. पण संस्कृत कोशात आदर्शाचा आणखी एक अर्थ सापडतो: जिच्यावरून नक्कल उतरवायची ती मूळ पोथी. लहिया आदर्श समोर ठेवायचा आणि ओळीमागून ओळ उतरवायचा. सर्व्हरखोलीतला आरसा हे दोन्ही अर्थ एकदम वागवतो. एका डिस्कवर लिहिलेले प्रत्येक अक्षर त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. यातली मूळ कोणती आणि नक्कल कोणती, हे विचारायची सोय नाही.

मैसूरात बसून हे लिहिताना ओरिएंटल लायब्ररीची आठवण टाळता येत नाही. १८९१ साली चामराज वडियार दहावे यांच्या काळात ती सुरू झाली. आज तिला ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणतात. तिथले ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ साली ग्रंथ लिपीतली एक ताडपत्रांची पोथी आली. तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडितांनी ती आणून दिली होती. ते कौटिल्याचे अर्थशास्त्र निघाले. या ग्रंथाचे नाव बाण आणि दंडी यांच्यामुळे सगळ्यांना ठाऊक होते, ग्रंथ मात्र हरवला असे धरून अभ्यासक चालले होते. १९०९ साली शामशास्त्रींनी तो छापला आणि एका पोथीच्या शेकडो प्रती झाल्या. त्याआधीच्या काळात त्या ताडपत्रांना वाळवी लागली असती तर? आमच्या धंद्यात अशा स्थितीला नाव आहे: ज्याच्या एकट्याच्या जाण्याने सगळे जाते असा बिंदू. तो शोधून काढणे आणि तिथे जोडीदार उभा करणे, एवढ्यावर आमचा पगार निघतो.

डिस्कच्या बाबतीत मात्र काढण्याची गोष्ट जोडीच्या गोष्टीपेक्षा जुनी आहे. आयबीएमची पहिली डिस्क १९५६ची. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, साठवण ५० लाख अक्षरे. ती हलवायला फोर्कलिफ्ट लागायची. १९६२ साली त्यांनीच १३११ नावाचे यंत्र काढले. त्यातला सहा तबकड्यांचा गठ्ठा साधारण साडेचार किलोचा, केकवरच्या झाकणासारख्या टोपणाने उचलून कपाटात ठेवता यायचा. म्हणजे डिस्क काढणे हे रोजचे काम होते, त्यात दुःखद असे काही नव्हते. बेल लॅब्समध्ये १९६९च्या उन्हाळ्यात युनिक्स जन्मले (मैसूरची भारतीय भाषा संस्थान ही संस्थाही त्याच उन्हाळ्यातली, १७ जुलैची, योगायोगच) आणि पुढे पीडीपी-११ यंत्रांवर पसरले, तेव्हाही अडीच मेगाबाइटच्या आरके०५ डिस्का ताटासारख्या सरकवून आत घालत आणि बाहेर काढत. बॅकअप म्हणजे दुसरे ताट. नंतर डिस्का बंद डब्यात गेल्या, धुळीपासून वाचल्या आणि मशीनच्या पोटात कायमच्या बसल्या. आता डिस्क काढायची म्हणजे मशीन बंद करून पोट फाडायचे.

बँकांना हे परवडणारे नव्हते. १९७४ साली जिमी ट्रेबिग यांनी कॅलिफोर्नियात टँडेम कॉम्प्युटर्स ही कंपनी काढली. टँडेम म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल, नावातच जोडी. १९७६ साली त्यांचे पहिले नॉनस्टॉप मशीन सिटीबँकेत गेले. त्यात प्रोसेसर जोडीने, वीजपुरवठा जोडीने, आणि डिस्काही जोडीने, एकमेकींच्या आरशासारख्या.

टँडेमची यंत्रे महाग होती. स्वस्तातला मार्ग १९८८ साली बर्कलेच्या डेव्हिड पॅटरसन, रँडी कॅट्झ आणि तेव्हा विद्यार्थी असलेल्या गार्थ गिब्सन यांनी मांडला. त्यांचा निबंध रेड या नावाने जगभर गेला. कल्पना अशी की एका भल्या मोठ्या डिस्कऐवजी पीसीतल्या स्वस्त डिस्कांचा ताफा लावायचा. अडचण त्यांनीच सांगितली: एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर शंभर डिस्कांतली पहिली सरासरी ३०० तासांत जाणार. दोन आठवडेसुद्धा नाहीत. म्हणून ताफ्यात जादा डिस्का हव्यातच. त्यांच्या पाच पायऱ्यांतली पहिली म्हणजे आपला आरसा. सर्वांत सोपी आणि सर्वांत उधळी, कारण निम्मी जागा नकलेतच जाते.

त्या निबंधाच्या गणितात एक आकडा आहे जो मला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. बिघडलेली डिस्क बदलायला किती वेळ लागतो? त्यांनी धरला आहे एक तास. बर्कलेत ठीक आहे. आमची डिस्क बेंगळुरूहून यायची. १४५ किलोमीटर, आणि श्रीरंगपट्टणजवळ लग्नाचे वऱ्हाड आडवे आले तर देवाचे नाव घ्यायचे. आरसा डिस्क मरू देत नाही असा बऱ्याच जणांचा समज असतो. डिस्क मरतेच. आरसा फक्त तुम्हाला सवड देतो आणि त्या सवडीत तुम्ही काय करता त्यावर पुढचे सगळे ठरते.

आता माझी रात्र.

मशीन सन कंपनीचे, तिच्याच सोलारिस या युनिक्सवर चालणारे. आरसा सांभाळायला डिस्कसूट हे सॉफ्टवेअर. त्याच्या आज्ञा मेटा या उपसर्गाने सुरू होत. मेटाडिटॅचने मेलेली बाजू आरशातून सोडवायची, मेटाक्लिअरने तिची नोंद पुसायची. यात एक मेख होती, जिने नव्या लोकांना फार छळले. आरशाची माहिती डिस्कसूट छोट्या नोंदवह्यांत ठेवी आणि त्या वह्यांच्या प्रती दोन्ही डिस्कांवर वाटलेल्या असत. या वह्या पंचांसारख्या. मशीन चालू असताना निम्मे पंच हजर असले तरी काम चाले. पण मशीन एकदा बंद होऊन पुन्हा उठू लागले की निम्म्याहून एक जास्त पंच मोजून घेई. दोन डिस्का, दोन्हींवर सारखे पंच, त्यातली एक डिस्क गेली: उरले नेमके निम्मे. चालू मशीन चालत राहते, आणि रीबूट केले की वर यायला नकार देते. म्हणून डिस्क काढण्याआधी मेटाडीबीने मेलेल्या डिस्कवरचे पंच अधिकृतपणे निवृत्त करायचे. म्हणजे उरलेलेच पूर्ण पंचमंडळ.

मी हे सगळे केले. एकही आज्ञा चुकली नाही. मग रॅकपाशी गेलो, खटका दाबला आणि डिस्क ओढली.

ओढली ती चांगली.

सोलारिसमध्ये डिस्कचे नाव सी-झीरो-टी-वन-डी-झीरो अशा धाटणीचे असे: कंट्रोलर, टार्गेट, डिस्क. मेलेली होती वन. मशीनवरची चिठ्ठी कधीच गळून पडली होती आणि मी मनाने ठरवले की डावीकडची झीरो. पंखे फिरत राहिले, मशीन गप्प झाले. सहकारी काही बोलला नाही. त्याने फक्त झेंडूची माळ बाजूला केली. सुदैवाने चांगल्या डिस्कवरचा मजकूर शाबूत होता. ती परत बसवली, मशीन उठवले आणि फाइलव्यवस्थेची तपासणी संपेपर्यंत चामुंडी टेकडीवर उजाडले होते.

नंतर कळले की या लाजेला मोठी परंपरा आहे. टँडेममधलेच जिम ग्रे यांनी १९८५ साली त्या कंपनीची यंत्रे का बंद पडतात याचा हिशेब लावला. सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४२ टक्के, यंत्र चालवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसांचा निघाला. हार्डवेअरचा वाटा होता सुमारे १८ टक्के. जोडीने जोडी लावून यंत्र इतके पक्के झाले होते की कच्चा दुवा म्हणून हातच उरला.

आरशाचा आणखी एक दोष आहे, आणि तो पोथीवाल्यांना आपल्याआधी कळला होता. शामशास्त्रींनंतर अर्थशास्त्राच्या आणखी पोथ्या मिळाल्या आणि पाठभेद दिसू लागले. दोन पोथ्या वेगवेगळे सांगत असतील तर खरी कोणती? मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत काढलेल्या आवृत्तीसाठी र. पं. कंगले यांना हेच निस्तरावे लागले. साध्या आरशापुढेही तोच पेच आहे. डिस्क मेली तर त्याला कळते. डिस्क खोटे बोलत असेल तर कळत नाही. दोघींपैकी जिच्याकडून वाचले तिचे खरे.

या दुखण्यावरचा उतारा सनच्याच जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अॅरन्स यांनी काढला. त्यांची झेडएफएस ही फाइलव्यवस्था २००५ साली सर्वांसाठी खुली झाली. ती प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज त्या तुकड्यात न ठेवता त्याच्यावरच्या तुकड्यात ठेवते. साक्षीदाराची उलटतपासणी दुसऱ्याकडून. बेरीज जुळली नाही तर दुसऱ्या डिस्कवरचा बरोबर मजकूर आणून चुकीचा दुरुस्त करते.

आणि नवी डिस्क घातल्यावर ती भरण्याच्या क्रियेला झेडएफएसमध्ये म्हणतात रिसिल्व्हर. जुन्या आरशामागे नव्याने चांदी चढवणे, हा त्या शब्दाचा घरगुती अर्थ. काचेमागे चांदी चढवायची रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांनी १८३५ साली बसवली. त्याआधी कथलाचा पत्रा आणि पारा लागे. आपण मात्र अजूनही आरशाचा पारा उडाला असेच म्हणतो. मी मराठी सहकाऱ्यांत रिसिल्व्हरसाठी ‘पारा चढवणे’ हा शब्द रुजवायचा प्रयत्न केला. तो फसला, डिस्कला पारा चढतोय म्हटले की सगळे साहेबांच्या केबिनकडे बघायचे. शब्द सोडला तरी काम झकास आहे: डिस्कसूट नवी डिस्क कोऱ्या जागेसकट पूर्ण भरत बसे, झेडएफएस फक्त जिथे मजकूर आहे तेवढेच उतरवते. अर्धी रिकामी पोथी उतरवताना शहाणा लहिया कोरी पाने सोडतो, तसे.

हातचुकीवरही उपाय निघाले. सनच्या पुढच्या बऱ्याच मशीनांवर डिस्कशेजारी निळा दिवा आला. मशीनला आज्ञा देऊन डिस्क मोकळी केली की तो लागतो आणि मगच ओढायचे. तुमच्या मशीनला तसा दिवा नसेल तर युनिक्सइतकीच जुनी वाटावी अशी डीडी ही आज्ञा हाताशी आहे. चांगल्या डिस्कवरून वाचून मजकूर शून्यात टाकत राहा, असे तिला सांगा आणि रॅकसमोर जाऊन उभे राहा. जिचा दिवा लुकलुकतोय, तिला हात लावू नका.