आधी काय घडलं? अ‍ॅनोरेक्सिया आणि मिनेसोटाचे छत्तीस तरुण

संशोधनाच्या प्रस्तावात ‘कारणे आणि परिणाम’ असं उपशीर्षक आपण सगळेच बिनधास्त टाकतो. पण कारण कुठे संपतं आणि परिणाम कुठे सुरू होतो, हे उलगडायला कधीकधी पाऊणशे वर्षं जातात. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसाचं तसंच झालं.

हे नाव रूढ केलं लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे डॉक्टर विल्यम गल यांनी. त्यांचा निबंध १८७४ मध्ये छापून आला. त्याच्या आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये लासेग यांनी असेच रुग्ण हिस्टेरियाच्या खात्यात मांडले होते. दोघांनी पाहिलेलं चित्र सारखंच: तरुण मुली, खाणं जवळजवळ बंद, पाळी थांबलेली, शरीराचा सांगाडा झालाय तरी पायाला भिंगरी. गल म्हणाले, मूळ मनात आहे. लासेग घरच्यांकडेही बघतात: आधी विनवण्या, मग धमक्या, सगळ्या घराचे डोळे एका ताटावर. पुढे १९१४ मध्ये सिमंड्स यांनी पिट्युटरी ग्रंथी नष्ट झालेल्या एका रुग्णाची नोंद केली आणि गाडी दुसऱ्याच रुळावर गेली. बरीच वर्षं अशा मुलींना ग्रंथीचे रुग्ण समजून ग्रंथींचे अर्क दिले जात होते.

आता १९४४ चा नोव्हेंबर. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत अन्सेल कीज यांनी ३६ तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे स्वयंसेवक. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे शोधायचं होतं. अ‍ॅनोरेक्सियाचा इथे कुणी विचारही केला नव्हता. शरीराने आणि मनाने धडधाकट असलेलेच तरुण घेतले होते, हे नीट लक्षात ठेवा. त्यांना २४ आठवडे साधारण निम्मा आहार दिला: बटाटे, सलगमसारखे कंद, पाव, मॅकरोनी. वजन सुमारे एक चतुर्थांश उतरलं.

आणि मग हे धडधाकट तरुण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. एकेक घास तासभर पुरवायचा, ताट चाटायचं, कॉफी आणि च्युइंगगमचा मारा. मित्र नकोत, प्रेम नको, सारखी थंडी, चिडचिड, उदासी. एकाने कुऱ्हाडीने स्वतःची तीन बोटं तोडली. मुद्दाम की चुकून, हे त्याला स्वतःलाही सांगता येईना. पुन्हा भरपूर अन्न मिळायला लागल्यावर काहीजण पोट तडस लागेपर्यंत खायचे, तरी भूक जाईना. कीज यांचे दोन जाडजूड खंड १९५० मध्ये आले.

म्हणजे बघा, अन्नाचा ध्यास, जेवणाभोवतीचे विचित्र नियम, माणसांपासून तुटणं, या ज्या गोष्टी मुलीच्या स्वभावाचा दोष म्हणून केसपेपरवर लिहिल्या जात होत्या, त्यांतला मोठा भाग उपासमारीचाच परिणाम होता. डॉक्टरांसमोर मुलगी यायची ती महिनोन्‌महिने उपाशी राहिल्यावर. त्याआधीची ती कशी होती, हे त्यांनी पाहिलेलंच नसायचं. जुने रुग्णवृत्तांत वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा: ही नोंद आजाराच्या कोणत्या टप्प्यावर झाली?

पण या प्रयोगाला जास्त ताणूही नका. त्या तरुणांना खायचं होतं, वजन वाढेल अशी भीती त्यांना नव्हती. शिवाय सगळे पुरुष. मुळात एखादी मुलगी ताट का सारते, याचं उत्तर तिथे नाही. ते उत्तर इतिहासकारही भांडून शोधतात. सिएनाच्या कॅथरीनचे (मृत्यू १३८०) उपास रुडॉल्फ बेल यांनी १९८५ मध्ये आधुनिक अ‍ॅनोरेक्सियाशेजारी ठेवले. कॅरोलाइन बायनम यांनी दोनच वर्षांत बजावलं की त्या काळच्या स्त्रियांसाठी अन्नाचा अर्थच निराळा होता. मला बायनम जास्त पटतात. साबुदाण्याच्या खिचडीलाही उपवास म्हणणाऱ्या समाजातून आल्यामुळे असेल कदाचित!

२०१९ मध्ये सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात अ‍ॅनोरेक्सियाचं नातं मानसिक आजारांशी दिसलं, तसंच चयापचयाशीही. सिमंड्स यांच्यानंतर बाजूला पडलेला शरीराचा प्रश्न आता जनुकांच्या दाराने परत आत आला आहे.