मीरा मोटारगाडी

इचलकरंजी (जि. कोल्हापूर) येथील शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतः घडविलेली, परंतु कारखानी उत्पादनापर्यंत न पोहोचलेली छोटी मोटारगाडी. सामान्य कुटुंबास परवडणारे वाहन देशातच तयार व्हावे, या हेतूने अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण नसतानाही त्यांनी तिची रचना केली. पहिला दोन आसनी नमुना १९४९ मध्ये सिद्ध झाला. पुढे सुधारणा होत जाऊन १९७० च्या सुमारास चार आसनी गाडी तयार झाली. तिचे दोन सिलिंडरांचे एंजिन मागील बाजूस होते आणि किंमत सु. १२,००० रुपये अपेक्षित होती.

एक नमुना घडविण्यास कारागिराचे कसब पुरते. हजारो गाड्यांसाठी साचे, यंत्रसामग्री, सुट्या भागांचा पुरवठा व भांडवल लागते. त्यातच उद्योग (विकास व विनियमन) अधिनियम, १९५१ अन्वये मोटारनिर्मितीस केंद्र शासनाचा परवाना आवश्यक होता. तो न मिळाल्याने मीरा नमुन्यांपुरतीच राहिली. छोट्या गाडीची गरज मात्र खरी होती. १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली व सुझुकी या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९८३ मध्ये तिची गाडी बाजारात आली.