फोटो आहे, तारीख नाही

पुण्यातली कॅमेरेवाली मंडळी हिवाळ्यात भिगवणला जातात. उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो, हातात बाजूकाएवढी लेन्स आणि परतताना ताटात मासे. आपण मात्र जरा उलट्या खोपडीचे. माझं आजोळ शेळगाव, तालुका इंदापूर. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की लागतं. तिथं आमचं जंगल म्हणजे मामाच्या शेताचा बांध, आणि आमचा वाघ जेमतेम आठ मिलिमीटरचा. कोळी! (मासे पकडणारे नव्हेत, जाळं विणणारे.)

बऱ्याच जणांनी विचारलं की हे खूळ आलं कुठून. म्हटलं, या विकांताला त्याचा इतिहासच लिहून टाकू. इतिहास म्हणजे सनावळ्या आल्याच, त्याला इलाज नाही. पण त्याआधी माझी स्वतःची फजिती सांगतो, कारण हा सगळा लेख तिच्यामुळेच सुचला.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि मी लॅपटॉप उचलून शेळगावला जाऊन बसलो. नोकरीला लागून एक वर्षही झालं नव्हतं. दिवसभर कॉल आणि संध्याकाळी मोकळा. जवळ एक जुना डीएसएलआर होता, सेकंडहँड घेतलेला. मॅक्रो लेन्स परवडणारी नव्हती, म्हणून काहीशे रुपयांची रिंग मागवून साधी लेन्सच कॅमेऱ्याला उलटी लावली. (उलटी खोपडी, उलटी लेन्स.) उलट्या लेन्सला फोकस, ॲपर्चर काही आपोआप जमत नाही. श्वास रोखायचा आणि आपणच मिलिमीटर-मिलिमीटरने पुढंमागं व्हायचं. स्पष्ट दिसणारा भाग इतका पातळ असतो की कोळ्याचे डोळे टिपले तर पाय गेले, पाय टिपले तर डोळे गेले. फ्लॅशचा उजेड मऊ करायला दुधाची पिशवी.

बांधावर बाभळी होत्या, आणि बाभळींच्या काट्यांत राखाडी, कळकट, नारळाएवढी घरटी. लहानपणापासून बघत होतो, जळमटं समजून. लेन्स लावली तेव्हा कळलं की आत एक कोळी नाही, अख्खं गाव आहे. याचं शास्त्रीय नाव स्टेगोडिफस सारासिनोरम. कोळी म्हणजे एकटा जीव, शेजारी दिसला तर त्यालाच खाणारा, असा आपला समज. हे मात्र शेकड्यांनी एकत्र राहतात, एकत्र जाळं लावतात आणि मोठं सावज चार-सहा जण मिळून ओढतात. यांचा धागा चिकट नसतो. तो पिंजलेल्या लोकरीसारखा असतो आणि किड्याचे पाय त्यात गुंततात. शेवटी माद्या पिल्लांना आपलंच शरीर खाऊ घालतात. मामाला सांगितलं तर म्हणाला, "आरं, मग आई म्हंजे काय वेगळं आस्तं व्हय?" यावर काय बोलणार?

चार महिन्यांत दोन हजारांवर फोटो झाले. निवडक फोटो व्हॉट्सॲपवर मित्रांना पाठवले, वाहवा मिळवली. पुढच्या वर्षी मामाने बाभळी काढून सिमेंटचे खांब आणि तारेचं कुंपण केलं. त्याचं काही चुकलं नाही, डुकरं ऊस खातात. त्यानंतर माझी हार्ड डिस्क गेली. बॅकअप? सॉफ्टवेअरवाल्याला असले प्रश्न विचारू नयेत.

उरले ते फक्त व्हॉट्सॲपवरचे चाळीसएक फोटो. ते बघून सामाजिक कोळ्यांवर काम करणाऱ्या एका अभ्यासकाने मला चारच प्रश्न विचारले. कुठल्या महिन्यातले? कुठल्या झाडावर? एकूण घरटी किती? पिल्लं बाहेर कधी दिसली? माझ्याकडे एकाचंही धड उत्तर नव्हतं. व्हॉट्सॲप फोटो लहान करताना आतली तारीख, वेळ सगळं पुसून टाकतं. आणि मूळ फोटो असते तरी उपयोग नव्हता, कारण बॅटरी संपली की कॅमेरा तारीख विचारायचा आणि मी दर वेळी 'नंतर' म्हणायचो. झाडं नाहीत, घरटी नाहीत आणि जे आहे ते मुकं. म्हणजे कॉमेंट नसलेला कोड, तोही लिहिणारा कंपनी सोडून गेल्यावर.

असो. आता इतिहास.

आपल्याकडे कोळ्याकडे बारकाईने बघणं नवं नाही. एकनाथ महाराजांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आहे, आणि त्या यादीत कोळी आहे. आपल्यातूनच धागा काढतो, त्यात खेळतो आणि परत गिळून टाकतो, तसा ईश्वर आणि हे जग. त्याच यादीत मातीचं घर बांधणारी माशीही आहे, आपली कुंभारीण. ती एका किड्याला कोंडून ठेवते, तो भीतीने तिचंच ध्यान करत राहतो आणि शेवटी तिच्यासारखाच होऊन बाहेर पडतो, असा समज होता. हसू नका. निरीक्षण पक्कं आहे. किडा आत जातो, मग माशी बाहेर येते. फक्त मधलं दिसत नव्हतं. मी मामाच्या गोठ्यातलं असं एक घर फोडून लेन्स लावली, तर आत डझनभर कोळी, जिवंत पण लुळे. कुंभारीण त्यांना डंख मारून भरून ठेवते (काही जाती अळ्या भरतात), सोबत अंडं घालते आणि कोठडी लिंपून टाकते. बाहेर येते ती तिची लेक, त्या शिदोरीवर वाढलेली. तत्त्वज्ञान बाजूला ठेवा, पण भिंग हाती येईपर्यंत माणसाचं बघणं कुठं अडकत होतं ते इथं नेमकं दिसतं.

मग इंग्रज आले आणि बाटल्या आल्या. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. वनखात्यातले रॉटनसाहेब मुंबई इलाख्यात फिरता फिरता मुंग्या नि विंचू गोळा करू लागले. असे नमुने अल्कोहोलमध्ये बुडून बोटीने लंडनला जात. तिथल्या ब्रिटिश म्युझियममध्ये आर. आय. पोकॉक नावाचा माणूस ते बघून वर्णनं लिहायचा. भारतातल्या कोळी-विंचवांवरचं त्याचं जाडजूड पुस्तक १९०० साली निघालं. माझ्या बाभळीवरच्या कोळ्याचं बारसं त्याआधीच, १८९२ मध्ये, कार्श नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने केलं होतं. पॉल आणि फ्रिट्झ सारासिन या दोघा स्विस चुलतभावांनी श्रीलंकेतून प्राणी गोळा करून नेले होते, त्यांचं नाव याला चिकटलं. इंदापूरच्या बाभळीवर बाझलच्या सारासिनांचं नाव. गंमतच आहे.

बाटलीतल्या नमुन्याची मोठी अडचण म्हणजे रंग उडतो. हिरवा कोळी काही दिवसांत पिवळट होतो. पण बाटलीत एक चिठ्ठी असते. गाव, तारीख, कोणी पकडला. तिची ताकद बघायची तर मुराररावांच्या गुत्तीला चला. हो, तेच घोरपड्यांचं गुत्ती, आता आंध्र प्रदेशात. १८९९ मध्ये पोकॉकने तिथल्या एका टॅरंट्युलाचं वर्णन केलं, निळ्याशार रंगाच्या. नमुना एकच, रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडलेला. त्यानंतर शंभरेक वर्षं तो कोळी शास्त्रज्ञांना दिसलाच नाही. २००१ मध्ये परत सापडला तो गुत्तीला नव्हे, तर तिथून बराच लांब, नंद्याल ते गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. बहुधा लाकडाबरोबर रेल्वेतून गुत्तीला पोचला असावा. चिठ्ठीवरचा पत्ता अर्धवट होता, पण शंभर वर्षांनी शोधायला धागा तोच.

स्वातंत्र्यानंतर हा कारभार आपल्या दारात आला. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५९ मध्ये पुण्यात निघालं. आकुर्डीला आयटीवाले रोज ज्या ट्रॅफिकमध्ये कंटाळतात, तिथंच ते आज आहे. या केंद्रात बी. के. टिकादर यांनी कोळ्यांवर काम केलं. पुढे ते संस्थेचे संचालक झाले आणि १९८७ मध्ये त्यांचं भारतीय कोळ्यांचं हँडबुक आलं. त्यातली चित्रं बघा. शाईने काढलेली, प्रत्येक केस वेगळा. आणि सगळ्यात जास्त मेहनत कशावर, तर कोळ्याच्या जननेंद्रियांवर! कारण बऱ्याच जाती बाहेरून हुबेहूब सारख्या असतात. खरा फरक तिथंच, कुलूप-किल्लीसारखा, आणि तोही सूक्ष्मदर्शकाखाली. त्यामुळे 'इतका झकास फोटो आहे, तरी जात सांगता येत नाही?' असं कोणी विचारलं की मी टिकादरांच्या चित्रांकडे बोट दाखवतो.

तिकडे कॅमेऱ्याचा प्रवास वेगळाच चालला होता. १९१४ मध्ये अमेरिकेत डेव्हिड आणि मेरियन फेअरचाइल्ड या जोडप्याने अंगणातल्या किड्यांच्या फोटोंचं पुस्तक काढलं. त्यासाठी त्यांनी कित्येक फूट लांबीचा कॅमेरा बनवला होता. किडे मात्र मेलेले, नीट पाय मांडून बसवलेले. १९५५ मध्ये ३५ मिमी एसएलआरसाठीची पहिली मॅक्रो लेन्स आली, किलफिट कंपनीची. १९९९ मध्ये कॅननने एक लेन्स काढली जी पाचपट मोठं चित्र देते आणि लांबचं काहीच टिपू शकत नाही. मग डिजिटल आलं, रोल वाया जायची भीती संपली, आणि एका जिवंत कोळ्याचे दोनशे फोटो काढणं माझ्यासारख्या पगारदाराला परवडू लागलं. कोळी न मारता त्याचे रंग, डोळे, शिकार सगळं हाती आलं. बाटलीने जे गमावलं ते कॅमेऱ्याने परत दिलं.

पण बाटलीकडे जे होतं ते आपण गमावलं. चिठ्ठी!

या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर काय होतं, त्याचा माझा आवडता किस्सा मलेशियाचा आहे. २०११ मध्ये तिथल्या एका हौशी फोटोग्राफरने जाळीदार पंखांच्या एका किड्याचा फोटो फ्लिकरवर टाकला. अमेरिकेतल्या एका कीटकशास्त्रज्ञाला तो दिसला. ही जात नवीन असावी असं त्याला वाटलं, पण नुसत्या फोटोवर कसं ठरवणार? त्याने नमुना मागितला. फोटोग्राफर त्याच ठिकाणी परत गेला आणि बऱ्याच महिन्यांनी त्याला तो किडा पुन्हा सापडला. २०१२ मध्ये सेमाक्रायसा जेड या नावाने नवी जात जाहीर झाली, आणि तिच्या लेखकांत हा हौशी गडीही होता. यात माझ्या मते महत्त्वाचा फोटो नाही. 'त्याच ठिकाणी परत गेला' हे महत्त्वाचं, कारण ठिकाण त्याला माहीत होतं.

आपल्याकडेही कामं होत आहेत. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याला इसियस तुकारामी नाव दिलं गेलं, २६/११ ला कसाबला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंच्या स्मरणार्थ. २०२२ मध्ये जगातल्या ज्ञात कोळी जातींचा आकडा ५०,००० च्या पुढे गेला. इंदापूर-बारामतीकडची उरलीसुरली माळरानं म्हटली की लोक चिंकारा आणि लांडगे शोधतात, ते बरोबरच आहे. पण कडबनवाडीच्या गवतात गुडघ्यावर बसून बघणारे अजून फार नाहीत. कालव्याच्या पाण्याने माळाचा ऊस झाला, बांधाची तार झाली. कोण राहिलं, कोण गेलं, हे सांगायला आधीची नोंद लागते. ती माझ्याकडे असायला हवी होती. चार महिने मी रोज तिथं बसलो होतो.

आता शेळगावला जाताना सोबत दहा रुपयांची वही असते. तारीख, वेळ, झाड, जमिनीपासूनची उंची, घरट्यांची संख्या. फोटोत एका बाजूला मोजपट्टी. दिवाळीत मामा म्हणाला, "पैलं नुस्तं फोटो काढायचास, आता तलाठ्यावानी नोंदी करतूस की." नव्या कुंपणाच्या कोपऱ्यावर, खांब आणि तारेच्या बेचक्यात, एक राखाडी गुंता दिसला होता. मुठीएवढा. तेच कोळी. पहिली नोंद त्याचीच झाली. खांब विहिरीकडून सातवा, घरटं एक.

तुमच्याकडेही फोटो पडून असतीलच. कोळ्यांचे नसतील तर आजीचे असतील. ज्याला आठवतंय तो आहे तोवर मागे तारीख लिहून घ्या.

चला, उद्या सोमवार. साडेनऊचा कॉल आहे.