याकोब, जेम्स आणि सांतियागो

शाळेंत इंग्लंडचा इतिहास शिकत असतां एक कोडें आम्हांस फार दिवस उलगडलें नव्हतें. राजाचें नांव जेम्स. मग त्याच्या काळांतील वाङ्मयास 'जॅकोबियन' कां म्हणावें, आणि १६८८ सालीं गादी सोडून पळालेल्या दुसऱ्या जेम्सच्या पक्षपात्यांस 'जॅकोबाइट' हें नांव कोठून यावें? मास्तरांस विचारलें तर 'तसा प्रघात आहे' एवढेंच उत्तर मिळे. प्रघात खरा, पण प्रघातासहि आईबाप असतात. पुढें मराठी बायबल हातीं आलें, आणि इंग्रज ज्यास जेम्सचें पत्र म्हणतात तें त्यांत 'याकोबाचें पत्र' म्हणून छापलेलें पाहिलें, तेव्हां कोडें आपोआप सुटलें. जेम्स म्हणजेच याकोब, आणि कुराणांतील याकूब पैगंबरहि तोच.

या नांवाची जन्मकथा बायबलाच्या पहिल्याच ग्रंथांत आहे. इसहाक व रिबका यांस जुळे पुत्र झाले. थोरला एसाव आधीं जन्मला, आणि धाकटा त्याची टांच मुठींत धरून बाहेर आला. इब्री भाषेंत टांचेस 'आकेब' म्हणतात. म्हणून धाकट्याचें नांव 'याकोब'. पुढें त्यानें भुकेल्या भावाकडून मसुरीच्या आमटीच्या मोबदल्यांत ज्येष्ठपणाचा हक्क विकत घेतला, आणि आंधळ्या बापापुढें भावाच्या वेषांत जाऊन त्याचा आशीर्वादहि लाटला. तेव्हां एसाव कळवळून म्हणाला कीं, याचें नांव यथार्थच आहे, यानें मला दोनदां ठकविलें. टांच धरणारा तोच पाय ओढणारा, असा हा श्लेष आहे.

'पुत्' नांवाच्या नरकापासून तारतो तो 'पुत्र', ही आपल्या स्मृतींतील व्युत्पत्ति ज्यांनीं ऐकली आहे, त्यांस अशा कथेवर एकदम विश्वास ठेवणें जड जाईल. आणि तें बरोबरच आहे. मेसापोटेमियांत सांपडलेल्या ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकांतील इष्टिकालेखांत याच धातूपासून झालेलें, 'एल' म्हणजे देव हें पद शेवटीं असलेलें विशेषनाम आढळतें. तिसऱ्या थुतमोस राजानें कर्नाक येथें कोरविलेल्या गांवांच्या यादींतहि तें एका स्थळाचें नांव म्हणून आहे, आणि मिसरांत राज्य केलेल्या परकीय हिक्सोस राजांपैकीं एकाच्या मुद्रा 'याकुब-हर' या नांवाच्या आहेत. या सर्वांवरून 'देव रक्षण करो' असा मूळ अर्थ बहुतेक पंडित धरतात. म्हणजे आधीं नांव, मागाहून टांचेची कथा. तरी ती कथा टाकाऊ आहे असें आम्हांस वाटत नाहीं. नांव कसें जन्मलें हें ती सांगत नसली, तरी तें धारण करणाऱ्या पूर्वजाविषयीं त्याच्याच वंशजांस काय वाटे तें ती सांगते. आपल्या मूळपुरुषानें भावास फसविलें ही गोष्ट धर्मग्रंथांत उघडपणें लिहून ठेवणारे लोक जगांत फार नाहींत.

इब्री ग्रंथांचें ग्रीक भाषांतर झालें तेव्हां प्राचीन कुलपतीचें नांव 'याकोब' असें परक्या रूपांतच, प्रत्ययावांचून, राहूं दिलें. परंतु हयात माणसांस ग्रीक बोलींत वावरावयाचें होतें. त्यांनीं ग्रीक प्रत्यय लावून 'याकोबोस' असें रूप केलें. नव्या करारांतील येशूचे शिष्य 'याकोबोस'च आहेत. एकाच नांवाची दोन घरें झालीं तीं येथें. लॅटिनांत त्याचें 'याकोबुस' झालें, आणि लोकांच्या तोंडीं ओष्ठ्य 'ब'चा ओष्ठ्य 'म' होऊन 'याकोमुस' असें दुसरें रूप निघालें. 'ब'कार राखणाऱ्या शाखेंत फ्रेंच जाक येतो. 'म'कारी शाखेंत इटालियन जाकोमो, स्पॅनिश हाइमे आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्लंडांत उतरलेला जेम्स. आर्मेनियन लोक त्यास हाकोब म्हणतात, पोलिश याकुब, फिन याक्को. स्कॉटलंडच्या डोंगरी भाषेंत मूळ नांव शेमस. पण त्याचें संबोधन 'हेमिश' असें ऐकूं येई, आणि इंग्रजांनीं हांक हेंच नांव समजून 'हेमिश' हें स्वतंत्र विशेषनाम केलें. जणूं विठ्ठलाचें नांव कोणी 'विठ्ठला' असेंच नोंदवावें!

ग्रीकांनीं घातलेली चीर इंग्रजांनीं रुंद केली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या अनुयायांनीं केलेल्या भाषांतरापासून कुलपति 'जेकब' आणि शिष्य 'जेम्स' अशी वांटणी कायम झाली, व १६११ च्या राजाज्ञेच्या भाषांतरानें तीवर मोहोर उठविली. त्या भाषांतराचा आश्रयदाता राजाच जेम्स होता, आणि लॅटिन कागदपत्रांत व नाण्यांवर तोच 'याकोबुस' होता. त्याच्या एका सोन्याच्या नाण्यास लोक 'जॅकोबस'च म्हणत. आमच्या कोड्याचें मूळ या दुहेरी नांवांत होतें. पण परिणाम कोड्यापुरता राहिला नाहीं. येशूचा भाऊ म्हणविला जाणारा, यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख, हा यहुदी आईबापांनीं यहुदी पूर्वजाचें नांव दिलेला यहुदी मनुष्य होता. इंग्रजी वाचकास त्याचें नांव जेम्स म्हणून भेटतें आणि तो शेजारच्या गल्लींतील इंग्रज वाटतो. 'जेकब' मात्र परका, ज्यू वाटतो. मराठी भाषांतरकारांनीं दोघांसहि 'याकोब' म्हटलें. या एका बाबतींत आमचें बायबल इंग्रजीहून प्रामाणिक आहे, असें आम्ही निःशंकपणें म्हणतों.

स्पेनांत या नांवाचें तिसरेंच रूप झालें. तेथें जुनें रूप 'इयागो'. 'सांत इयागो' म्हणजे संत याकोब. पुढें पदच्छेद चुकून 'सान तियागो' झालें, आणि पोर्तुगीजांत नुसतें 'तियागो' हेंच नांव रूढ झालें. या शिष्याची कबर वायव्य स्पेनांत सांपडल्याची समजूत नवव्या शतकांत पसरली. तेथें सांतियागो दे कोंपोस्तेला हें महाक्षेत्र उभें राहिलें. मग गालीलच्या या कोळ्यास मूर लोकांचा संहार करणारा घोडेस्वार बनविण्यांत आलें, आणि त्याचें नांव ही रणगर्जना झाली. ज्या पूर्वजास मुसलमान पैगंबर मानतात, त्याच्याच नांवाची आरोळी ठोकून मुसलमानांवर चालून जावें, हें त्या वेळीं कोणास विचित्र वाटलें नाहीं. १५१० सालीं गोवें जिंकणारा आल्बुकर्क हा सांतियागोच्या नांवानें चालणाऱ्या वीरसंघाचाच मानकरी होता. शेक्सपीअरनें मूर सेनापतीच्या नाशास कारण होणाऱ्या खलपुरुषास 'इयागो' हें स्पॅनिश नांव दिलें, त्यांत ही स्मृति असावी असा कित्येकांचा तर्क आहे. आम्हांस तर भावास ठकविणाराहि त्यांत दिसतो.

फ्रान्सांत जाक हें इतकें सामान्य नांव होतें कीं, सरदार लोक शेतकऱ्यास सरसकट जाक म्हणत. १३५८ च्या शेतकऱ्यांच्या बंडासहि तेंच नांव पडलें. अशा जाकांचा आंखूड अंगरखा तो 'जाकेट', व तेंच आपलें जाकीट, असें अनेक कोशकार मानतात. पॅरिसांत संत जाकच्या नांवाच्या रस्त्यावरील मठामुळें तेथील डोमिनिकन साधूंस जॅकोबिन म्हणत; १७८९ नंतर त्यांच्या मठांत क्रांतिकारकांचा क्लब भरूं लागला आणि साधूंचें नांव राजवध करणाऱ्यांस चिकटलें. १७९७ सालीं श्रीरंगपट्टणांतहि टिपूच्या पदरच्या फ्रेंचांनीं असा क्लब काढला, असें इंग्रजांनीं प्रसिद्ध केलेल्या कागदांवरून सांगतात. त्यांत खरें किती याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहे.

येथें एक इशारा दिला पाहिजे. १६८९ सालीं मुंबईवर चाल करून आलेला जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान या कुळांतला नव्हे. याकूत म्हणजे माणिक. एका अक्षरावरून सोयरीक जुळविण्याचा मोह आम्हांसहि पूर्वीं झाला होता.

याकोबाचें आणखी एक नांव आहे. यब्बोक नदीकांठीं रात्रभर एका अज्ञात पुरुषाशीं झुंजल्यावर त्यास 'इस्राएल' हें नांव मिळालें, आणि त्याचे वंशज 'बेने इस्राएल', म्हणजे इस्राएलाचीं लेंकरें, ठरले. ऑगस्ट १९३८ मध्यें जर्मनीच्या नाझी सरकारनें असा हुकूम काढला कीं, ज्या ज्यू पुरुषाचें नांव सरकारी यादींतलें नसेल त्यानें १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नांवास 'इस्राएल' हें नांव जोडावें. आशीर्वाद म्हणून मिळालेलें नांव असें डाग म्हणून वांटलें गेलें. हें आम्हीं वाचलें तेव्हां आम्हांस कुलाब्याकडच्या आपल्या शनवार तेल्यांची आठवण झाली. कोंकणांत शतकानुशतकें घाणे चालविणारे आणि शनिवारीं ते बंद ठेवणारे हे लोक स्वतःस बेने इस्राएल म्हणवीत. त्यांच्यांतील समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे शमुवेल यहेज्केल, हा इंग्रजांच्या पलटणींत असतां टिपूच्या कैदेंत पडला. आपण बेने इस्राएल आहों असें सांगितल्यावर त्याचे प्राण वांचले, अशी त्यांच्यांत परंपरागत हकीकत आहे. सुटून आल्यावर त्यानें १७९६ सालीं मुंबईंत त्या लोकांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. शेजारीपाजारी त्यास मशीदच म्हणत, आणि जवळच्या आगगाडीच्या स्थानकास 'मशीद' हें नांव तिच्यावरून पडलें असें सांगतात.